राजाजी : धान्य मोकळं, दारू बंद

आमच्या निपाणीकडं 1981 च्या तंबाखू आंदोलनाचा विषय निघाला की शेतकरी नेते शरद जोशींचं नाव येतंच, शेतकरी पुणे-बेंगलोर हायवेवर ठाण मांडून बसलेले आणि शेवट गोळीबारात झाला, माणसं गेली. याच जोशींनी पुढं 1994 ला स्वतंत्र भारत पक्ष काढला. त्यातल्या 'स्वतंत्र'चं मूळ शोधायचं तर राजाजींपर्यंत, म्हणजे मद्रासचे काँग्रेस नेते चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्यापर्यंत, मागं जावं लागतं.

जानेवारी 1959 ला काँग्रेसनं नागपुरात सहकारी शेतीचा ठराव केला. बांध काढून सगळ्यांची जमीन एकत्र कसायची, हे शेतकऱ्याला कसं पटणार? त्याच वर्षी राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष उभा केला. परमिट-लायसन्स राज, म्हणजे प्रत्येक धंद्याला सरकारी परवानगी लागणारा कारभार, ही राजाजींची टीका तेव्हा घराघरात गेली आणि 1967 ला लोकसभेत पक्षाच्या 44 जागा आल्या.

पण मसानी आणि राजाजी एका पक्षात असले तरी एका मुशीतले नव्हते. मसानी आधुनिक लिबरल, राजाजी गीता-रामायण सांगणारे पक्के परंपरावादी. मला वाटतं राजाजींचा हिशोब असा होता की माणसाला आवरायला धर्म आहे, घर आहे, मग सरकारी इन्स्पेक्टर कशाला. म्हणूनच 1952 ला मद्रासचे मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी धान्यावरचं कंट्रोल, म्हणजे सरकारी रेशनिंग आणि बंधनं, उठवलं, लोकांना केवढा मोकळा श्वास मिळाला असेल. आणि लगेच 1953 ला अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस बापाचा धंदा ही योजना आणली, म्हणजे जातीचा धंदा पोराच्या गळ्यात, असा ओरडा झाला आणि पुढच्या वर्षी पद सोडावं लागलं.

त्याआधीचं तर अजून बघण्यासारखं आहे. 1937 ला मद्रास प्रांताचं सरकार हाती आल्यावर त्यांनी तिथल्या सेलम जिल्ह्यात दारूबंदी केली, महसूल बुडाला, तो भरायला 1939 ला सेल्स टॅक्स आणला. दुकानदाराच्या मागं वह्या लावणारा तो टॅक्स याच माणसानं आणलेला! 1938 ला शाळांत हिंदीची सक्ती केली, नंतर स्वतःच हिंदी लादायला विरोध केला. हा बदल मला फार मोठा वाटतो, भाषेची सक्ती काय असते ते आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांना कुणी वेगळं सांगायला नको.

दारूवर मात्र ते कधीच हलले नाहीत. 1971 ला तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी दारूबंदी उठवायला निघाले तेव्हा 92 वर्षांचे राजाजी स्वतः त्यांच्या घरी गेले, बंदी ठेवा म्हणून विनवायला.