फोन उचलल्यावर पहिला शब्द: बेलच्या 'अहोय'पासून खान्देशातल्या 'बोल भो'पर्यंत

१ ऑक्टोबर २०२२ ला महाराष्ट्र सरकारनं जीआर काढला की सरकारी-निमसरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर हॅलोऐवजी वंदे मातरम् म्हणावं, तेव्हा आठ-पंधरा दिवस सगळीकडे तोच विषय होता. तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री मुनगंटीवार यांनी घोषणा ऑगस्टमधेच केली होती, मग विरोध झाला, काँग्रेसवाले म्हणे आम्ही जय बळीराजा म्हणणार, टीव्हीवर भांडणं वगैरे. आमच्या जळगाव-धुळ्याकडे हा वाद जरा गमतीचाच वाटला, कारण नुसत्या हॅलोवर थांबणारा माणूस इथं आधीच कमी. वारकरी घर असलं की रामकृष्ण हरी, सावदा-फैजपूरकडची सत्संगी मंडळी जय स्वामीनारायण, महानुभावांच्या घरी दंडवत प्रणाम, कुठं जय भीम, कुठं जय जिनेंद्र, नंदुरबारच्या बाजूला जोहार नाहीतर जय आदिवासी, आणि उरलेले सगळे सरळ 'हा, बोल भो', भो म्हणजे भाऊ. म्हणजे जीआर यायच्या कितीतरी आधीपासून लोकांनी आपापलं ठरवून टाकलेलं.

पण मुळात हे हॅलो आलं कुठून आणि जगभर लोक वेगवेगळं का बोलतात हे बघायला गेलं तर मजा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, फोन उचलून माणूस काय बोलतो याला लोक संस्कृती म्हणतात पण त्यातलं निम्मं तरी त्या काळच्या मशीननं, बिल भरणाऱ्यानं आणि मधे बसलेल्या ऑपरेटरनं ठरवलेलं असतं.

टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलला पेटंट मिळालं ७ मार्च १८७६ ला. त्याला स्वतःला हॅलो आवडायचं नाही, तो 'अहोय' म्हणायचा, जहाजावरचे खलाशी लांबच्या जहाजाला हाक मारताना ओरडतात ते. त्याचं कारण साधं आहे. सुरुवातीच्या फोनला रिंग हा प्रकारच नव्हता, दोन ठिकाणांमधे एक तार, ती कायम चालू, आणि पलीकडच्याचं लक्ष वेधायचं तर ओरडण्याशिवाय मार्ग नाही. मग १५ ऑगस्ट १८७७ ला एडिसननं पिट्सबर्गच्या एका टेलिग्राफ कंपनीच्या अध्यक्षाला पत्र लिहिलं, की घंटी बसवायची गरज मला वाटत नाही, हॅलो म्हटलं तर १०-२० फुटांवरून ऐकू येतं. म्हणजे हॅलो हा नमस्कार नव्हताच, ती घंटी होती! पुढं २८ जानेवारी १८७८ ला अमेरिकेत न्यू हेवनला पहिलं व्यापारी एक्स्चेंज सुरू झालं, तारा एका जागी येऊन जोडायला लागल्या, खऱ्या घंट्या आल्या, आणि हाकेचं काम संपलं तरी हॅलो राहिलंच. बेल मात्र म्हणे शेवटपर्यंत अहोयवरच अडून होता. स्वतःच्या शोधाच्या बाबतीत दुसऱ्याचं ऐकायचं म्हणजे जडच जातं.

एक्स्चेंज आल्यावर आणखी एक गोष्ट झाली. आता तुम्ही आधी पलीकडच्याशी बोलत नव्हता, मधल्या ऑपरेटरशी बोलत होता. सुरुवातीला या कामावर तारखात्यातली पोरं ठेवली होती, ती गिऱ्हाइकांशी उद्धट बोलायची, मस्त्या करायची, म्हणून बोस्टनला १ सप्टेंबर १८७८ ला एम्मा नट नावाच्या बाईंना घेतलं, त्या पहिल्या महिला ऑपरेटर. आणि मधे माणूस बसलाय म्हटल्यावर चुकीची जोडणी होणारच. म्हणून इंग्लंडात लोक कित्येक वर्षं फोन उचलला की आधी एक्स्चेंजचं नाव आणि आपला नंबर सांगायचे, म्हणजे रॉंग नंबर असला तर तिथल्या तिथं कळावं. जर्मनीत आडनाव सांगायचं, नुसतं, तेही असं की ऐकणाऱ्याला वाटावं आपण काही गुन्हा केलाय. हॉलंडमधेही उचलणाऱ्यानं नाव सांगणं हीच रीत. आपल्याकडं कोणी अनोळखी फोनवर आधीच स्वतःचं नाव सांगितलं तर घरचे म्हणतील वेडा झाला का, आधी समोरच्याला विचार ना.

काही ठिकाणी मशीनची तब्येत शब्दात उतरली. इटलीत 'प्रोंतो', म्हणजे तयार आहे. मेक्सिकोत 'बुएनो', ते म्हणे लाइन चांगली लागलीय का हे सांगण्यातून आलं. पोर्तुगालमधे तर सरळ 'एश्ता ला?' म्हणजे आहात का तिकडं? स्पेनमधे 'दीगामे', बोला, सांगा मला. हे आपल्या 'हा बोला'च्या अगदी जवळचं. रशियात 'स्लुशायू', म्हणजे ऐकतोय. आवाज येतोय का, लाइन आहे का, माणूस आहे का, या तीन शंकांवर अर्ध्या जगाचा शिष्टाचार उभा आहे.

जपानची गोष्ट थोडी सविस्तर सांगावीशी वाटते. तिकडं १६ डिसेंबर १८९० ला टोकियो-योकोहामा फोन सुरू झाला. तेव्हा फोन कोणाकडं, तर मोठे अधिकारी आणि पैसेवाले, ते उचलून 'ओय ओय' म्हणायचे, आपल्याकडं साहेब शिपायाला अरे-तुरे करायचा तसं. पण ऑपरेटरनं तसं बोलून कसं चालेल, तिथं नम्र शब्द पाहिजे होता, म्हणून 'मोशी मोशी' आलं, बोलते बोलते असा काहीसा त्याचा विनम्र भाव. दोनदा का म्हणायचं यावर तिथं एक लोकसमजूत पण आहे, भूत किंवा कोल्ह्याचं रूप घेतलेलं काहीबाही असेल तर त्याला शब्द दोनदा म्हणता येत नाही म्हणे. खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत, पण आमच्याकडंही रात्री कोणी एकच हाक मारली तर ओ देऊ नये म्हणतातच की. आणि तरी जपानी ऑफिसात मोशी मोशी चालत नाही, तिथं आधी कंपनीचं नाव घ्यायचं. चीनमधे 'वेई', कोरियात 'योबोसेयो', हे पण समोरासमोर सहसा न वापरायचे, खास फोनचेच शब्द.

अमेरिकेतल्या खेड्यात आणखी एक भानगड होती, पार्टी लाइन. एका तारेवर पाच-दहा घरं, प्रत्येकाची रिंग वेगळी, दोन लांब एक छोटी असं. दुसऱ्याची रिंग वाजली तरी लोक हळूच उचलून ऐकत बसायचे. हे वाचल्यावर मला आधी भुसावळ आठवलं, रेल्वेच्या कंट्रोलच्या लाइनवर एकाच तारेवर ओळीनं स्टेशनं असायची, त्यामुळं उचलणारा मास्तर हॅलोबिलो करत बसत नाही, आधी आपल्या स्टेशनचं नाव सांगतो. जिथं चुकलं तर गाडी चुकते तिथं नमस्कार मागं पडतो.

आता आपल्याकडं. कलकत्ता, मुंबई, मद्रासला एक्स्चेंज आली जानेवारी १८८२ मधे, पण ती साहेबाची आणि शेठजींची. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा अख्ख्या देशात फोन ८० हजारांच्या आसपास. खान्देशच्या खेड्यात त्यातले किती असणार? पुढची तीस-चाळीस वर्षं गावात फोन म्हणजे एक पोस्टात, एक सोसायटीत आणि एक एखाद्या शेठकडं. त्यामुळं फोन उचलणारा आणि ज्याच्यासाठी फोन आलाय तो, हे दोन वेगळे लोक. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या कार्डावर नंबरापुढं पीपी लिहिलेलं असायचं, म्हणजे फोन शेजारच्याचा आहे, बोलावून देतील. अशा फोनवर पहिला प्रश्न हॅलो नसतोच, 'कोन जोयजे?', म्हणजे कोण पाहिजे, हाच असतो. मग 'धर, ठेवू नको, पोऱ्याले धाडस', आणि पोरगं गल्लीत ओरडत जायचं की नानांना सुरतहून फोन आला, पाच मिनिटात निम्म्या गावाला कळायचं. नाना धोतर सावरत यायचे, चप्पल बाहेर काढून, आणि रिसीव्हर हातात घेऊन आधी फोनवाल्या शेठकडं बघून रामराम करायचे मग पलीकडं बोलायचे. उचलायची रीत नुसती पलीकडच्याशी नव्हती, ज्याच्या ओट्यावर बसून बोलतोय त्याच्याशी पण होती. घरचं काही बोलायचं असलं तरी चार लोक ऐकतायत म्हटल्यावर सगळं 'बरं, बरं, हा, बरं शे' एवढ्यावरच.

त्यात ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरकडून जोडून घ्यायचा परगावचा फोन. बुक करा, तासन् तास बसा, साधा, अर्जंट, आणि अगदीच जीवावरचं असलं तर लाइटनिंग, त्याचा चार्ज ऐकूनच छातीत धडकी. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मधेच बोलणार, वाढवायचं का? आवाज असा की विहिरीतून कोणी बोलतंय, म्हणून आपल्याकडं जुनी माणसं अजून मोबाइलवरही ओरडून बोलतात, पोरं हसतात त्यांना, पण ती सवय त्या लाइननं लावली. रात्री-अपरात्री रिंग वाजली तर उचलणारा हॅलो म्हणतच नसे, पहिला शब्द 'कोण? काय झालं?' कारण रात्रीचा ट्रंक कॉल म्हणजे कोणीतरी गेलं असणार हे घर धरूनच चालायचं.

चित्र बदललं ते १९८४ नंतर. ऑगस्ट १९८४ मधे सी-डॉट ही सरकारी टेलिफोन संशोधन संस्था सुरू झाली, सॅम पित्रोदांच्या पुढाकारातून, आणि त्यांनी खेड्यासाठी १२८ लाइनचं छोटं एक्स्चेंज बनवलं, एसीशिवाय धुळीत-उन्हात चालेल असं. हे आमच्याकडं जास्त समजेल, एप्रिल-मेमधे जळगाव-भुसावळला जे तापमान असतं त्यात माणूस एसीशिवाय चालत नाही, मशीन चाललं हेच विशेष. मग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ आले. काचेची केबिन, लाल आकडे पळणारा मीटर, टर्रर्र करत निघणारी पावती. रात्री उशिरा पाव चार्ज लागायचा म्हणून जेवणं उरकून बूथवर रांगा. इथं बोलणं मीटरनं ठरवलं. लाल आकडे पळतायत म्हटल्यावर कसं आहे-बरं आहे एका दमात, आणि लगेच मुद्दा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येणार का, भाऊ न्यायला धाडू का, हो की नाही सांग. सासरी गेलेल्या पोरींचे किती फोन असे एका मिनिटात उरकलेत, मीटरचा पुढचा पल्स, म्हणजे पुढचा चार्ज, पडायच्या आत.

व्यापाऱ्यांची तऱ्हा वेगळी. रावेर-सावद्याची केळी दिल्लीला जाते, तिथला भाव फोनवर कळायचा, त्यामुळं केळीवाला उचलायचा तो थेट 'बोलो शेठ, क्या खुला?' म्हणून. आमच्याकडं फोनवरची हिंदी या केळीनं आणि सुरतच्या नोकऱ्यांनी वाढवली असं मला वाटतं. घरात अहिराणी, फोन वाजला की उचलताना 'हां बोलो', पलीकडून 'मी से ना भो' (मी आहे ना भाऊ) असं आलं की परत अहिराणी. दोन सेकंदात भाषा बदलते.

३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दूरसंचार मंत्री सुखराम यांना दिल्लीला लावला. तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे, म्हणजे उचलणं हाच खर्च! त्यामुळं पहिला शब्द 'लँडलाइनवर कर' असा. मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि मग मिस कॉलचा जमाना आला. एक मिस कॉल म्हणजे बस निघाली, दोन म्हणजे स्टँडवर घ्यायला या, आणि चुकून कोणी उचललाच तर शिव्या, उचलला कशाला, रुपया गेला ना. न उचलणं ही पण रीत झाली, बेलला हे कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

स्क्रीनवर नाव दिसायला लागल्यावर हॅलोचं उरलंसुरलं कामही गेलं. कोण आहे हे आधीच माहीत, म्हणून उचलताच 'हा जिभाऊ', 'काय रे भो कथा शे', म्हणजे कुठं आहेस. जर्मन माणूस स्वतःचं नाव सांगत उचलतो, आपण समोरच्याचं नाव घेऊन उचलतो. २००९ ला स्वीडनमधे ट्रूकॉलर निघालं आणि अनोळखी नंबरालाही नाव चिकटलं. मार्च २०२० पासून तर काही महिने फोन लावला की आधी कोणीतरी खोकायचं आणि कोरोनाची सूचना ऐकू यायची, म्हणजे पहिला शब्द उचलणाऱ्याच्या हातातून गेलाच.

आता गेल्या काही वर्षांत नवीनच सुरू झालंय, घरोघरी बघतो. १४० नं सुरू होणारे जाहिरातवाल्यांचे नंबर तर लोक उचलतच नाहीत, बाकी अनोळखी नंबर असला तर हिरवं बटण दाबतात आणि गप्प बसतात. पोरांनी सांगून ठेवलंय आप्पांना, की आधी बोलू नका, केवायसीवाले नाहीतर डिजिटल अरेस्टवाले असतील, नाव-गाव काही सांगू नका. मग इकडं आप्पा गप्प, तिकडं कॉल सेंटरची पोरगी गप्प, दोन-तीन सेकंद जातात, आणि शेवटी ज्यानं फोन लावलाय त्यालाच हॅलो म्हणावं लागतं.