आउटबोर्ड मोटरीच्या गिअर तेलातील पाण्याचे निदान

बोटीच्या मागच्या फळीला लावलेल्या आउटबोर्ड मोटरीच्या, पाण्याखाली राहणाऱ्या गिअरपेटीत पाणी शिरले आहे काय, शिरले असल्यास किती आणि कोणत्या वाटेने, हे ठरविण्याची पद्धत. इंजिनाची फिरकी उभ्या दांड्याने खाली येते, पेटीतील लहान दात्यामार्फत पुढच्या व मागच्या गिअरला मिळते आणि आडव्या दांड्यावरील पंखा फिरवते. हे सर्व दाते व बेअरिंग तेलात बुडालेले असतात. तेल आणि नदी यांच्यामध्ये रबरी सील, ओ-रिंग (गोल रबरी कडी) आणि तेलाच्या वरच्या व तळाच्या छिद्रांवरील दोन बोल्टांखालचे वॉशर एवढाच आडोसा असतो.

विदर्भात ढिवर व भोई समाजाचा मासेमारीचा डोंगा मुख्यतः वल्ह्यांवर चालतो. मोटर दिसते ती वैनगंगेवरील गोसीखुर्द (ता. पवनी, जि. भंडारा) यासारख्या मोठ्या जलाशयांतील बोटींना आणि पुराच्या बचावकार्यातील बोटींना. पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा अशा बोटीची गिअरपेटी धडधाकट असणे हा माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो. म्हणून ही तपासणी किरकोळ देखभालीत मोजू नये.

पाणी शिरण्याची सर्वांत नेहमीची वाट पंख्याच्या दांड्यावरील सीलमधून जाते. जाळ्याचा तुटका धागा किंवा तंगूस (नायलॉनची दोरी) पंख्यामागे गुंडाळली जाते, फिरता फिरता सीलच्या ओठाखाली घुसते आणि रबर कापते. बुडीत क्षेत्रातील खोडावर पंखा आदळून दांडा किंचित वाकला, तरी सील एका बाजूने झिजते. उभ्या दांड्याचे सील, गिअर बदलण्याच्या सळईचे सील आणि पुन्हा पुन्हा वापरलेला चपटा वॉशर या उरलेल्या वाटा होत. धावताना पेटी तापते व आतील हवा प्रसरण पावते. बोट थांबून पेटी गार झाली की ती हवा आकुंचन पावून आत ओढ निर्माण होते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी शोषले जाते. त्यामुळे चालताना काहीच न दाखवणारी मोटर काठाला बांधून ठेवल्यावर पाणी पिते.

पाणी तेलापेक्षा जड असल्याने निदानाचा पहिला पुरावा तळाशी असतो. मोटर उभी ठेवून रात्रभर स्थिर राहू द्यावी, बाहेरचा भाग कोरडा पुसावा, मग वरचा बोल्ट घट्टच ठेवून तळाचा बोल्ट हळूहळू सैल करावा आणि पहिले थेंब पारदर्शक बाटलीत धरावेत. आधी स्वच्छ पाणी व मागून तेल आले, तर शंका उरत नाही. मोटर नुकतीच चालवलेली असेल, तर मात्र पाणी दात्यांनी घुसळले जाऊन तेल ताकासारखे किंवा दूध घातलेल्या चहासारखे दिसते, आणि असे मिश्रण बाटलीत लवकर फुटत नाही. येथे एक फसगत संभवते: नुसत्या हवेच्या बारीक बुडबुड्यांनीही तेल धूसर दिसते, परंतु ते काही वेळात निवळते, पाण्याचे दुधाळपण तसे निवळत नाही. काही तेले मुळातच निळी वा हिरवी असल्याने कोऱ्या तेलाचा नमुना शेजारी धरून तुलना करावी. पंख्याच्या तुंब्यातून, म्हणजे मधल्या पोकळ भागातून, ठिबकणारे पाणी बहुधा धुराच्या मार्गातील असते; त्याचा गिअर तेलाशी संबंध नसतो. काही जुन्या मोटरींत तळाच्या बोल्टाजवळच गिअर बदलण्याच्या जोडणीचा स्क्रू असतो. तो चुकून काढल्यास आतील जोडणी सुटते.

संशय उरल्यास तेलाचा एकच थेंब १०० अंश सेल्सियसच्या बराच वर तापलेल्या पत्र्यावर, चेहरा दूर ठेवून टाकावा. पाणी असेल, तर तो चरचरतो. बोल्टाला चुंबक असेल, तर त्यावरचा लोखंडाचा मऊ लेप सामान्य झिजेचा समजावा; बोटांना टोचणारे कण मात्र दाते किंवा बेअरिंग फुटत असल्याची खूण होय.

पाणी आहे हे कळल्याने निदान अर्धेच होते. गळतीची जागा शोधण्यासाठी तेल काढलेल्या पेटीत हातपंपाने हवा भरतात. दाब इंजिनाच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढाच, बहुधा दर चौरस इंचाला १० ते १५ पौंड, ठेवतात आणि दांडा हाताने फिरवत सीलांवर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे येतील तेथे गळती असते. दाबाने सीलचा ओठ उलट घट्ट बसू शकतो, म्हणून निर्वाताची, म्हणजे पेटीतील हवा ओढून घेण्याची, चाचणीही घ्यावी. तेल बदलून बोट पुन्हा सोडणे ही दुरुस्ती नव्हे. त्याच सीलमधून तेच पाणी पुन्हा येते. नवे तेल तळाच्या छिद्रातून, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरावे आणि दोन्ही वॉशर नवे घालावेत.

पुस्तिकांत सामान्यतः दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा तेल बदलण्यास सांगितलेले असते. बचाव बोटीचे तास भरत नाहीत, त्यामुळे तिच्यासाठी वर्षाचाच हिशेब धरावा लागतो, आणि तो कधी धरायचा हे महत्त्वाचे आहे. पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मे-जूनमध्ये पेटी उघडली, तर मागील पुरात शिरलेले पाणी तोवर सात-आठ महिने बेअरिंगवर बसून गंज धरवून गेलेले असते. पूर ओसरल्यावर ऑक्टोबरातच तेल काढून पाहिले, तर त्याच पाण्यापायी केवळ एक सील बदलावे लागते. उन्हाळ्यात कोरड्या गोदामात पडून रबर कडक होते, म्हणून जूनमध्ये फक्त दाबाची चाचणी पुन्हा घ्यावी.