डबल फ्लेअर की बबल फ्लेअर? टूल उचलण्याआधी भोकात बघा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजच्या टेबलावर ब्रेक पाइपचे दोन तुकडे कायम ठेवलेले असतात. दोन्ही ४.७५ मिलिमीटरचे, दोन्हींवर दहा मिलिमीटरचा नट, एक मिलिमीटर पिचचे आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर. नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी ते तुकडे त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "फरक सांग." बहुतेक पोरं नट फिरवून बघतात, पाइप वाकवून बघतात आणि म्हणतात, "मालक, दोन्ही सेमच हाय की."

सेम नाही. पाइपचं तोंड बघा. जोड गळू नये म्हणून हे तोंड पसरवून किंवा फुगवून घेतात, त्यालाच फ्लेअर म्हणतात. एकाचं तोंड बारक्या नरसाळ्यासारखं बाहेर पसरलंय आणि त्याची कड परत आत दुमडलीय, म्हणजे तिथं पत्र्याचे दोन थर झालेत. हा डबल फ्लेअर. दुसऱ्याचं तोंड अळंबीच्या टोपीसारखं गोल फुगलंय, मधे भोक, मागची बाजू नटाकडं जवळजवळ सपाट. हा बबल फ्लेअर. पहिला अमेरिकी आणि जपानी घडणीच्या गाड्यांत, दुसरा युरोपीय घडणीच्या गाड्यांत, असं ढोबळमानानं म्हणता येतं. पण कोल्हापुरातल्या एकाच गॅरेजात सकाळी मारुती असते आणि दुपारी स्कोडा, त्यात कुणी आधी सिलिंडर बदललेला असला तर कंपनीच्या नावावर अजिबात विसंबू नका.

खरं उत्तर पाइपात नसतंच, ते भोकात असतं. चाकाजवळच्या व्हील सिलिंडरमधला किंवा पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरमधला नट काढा, भोक पुसून घ्या आणि टॉर्च मारून तळाशी बघा. तळातून एक बारका सुळका वर आलेला दिसला तर तिथं डबल फ्लेअर बसतो. पाइपचं नरसाळं त्या सुळक्यावर ४५ अंशात चढतं आणि नट त्याला मागून दाबतो. सुळका नसेल, तळ वाटीसारखा आत उतरत गेला असेल, तर तिथं बबलची गोल टोपी बसते. नटही बघून घ्या. डबलच्या नटाला बहुधा टोकापर्यंत आटे असतात आणि त्याचं तोंड आतून तिरकं कापलेलं असतं. बबलच्या नटाचं तोंड सपाट असतं आणि पुढचा थोडा भाग बिनआट्याचा, गुळगुळीत असतो.

घोळ होतो तो आटे एकच असल्यामुळं. बबलचा पाइप डबलच्या भोकात घातला तरी नट गोड फिरतो, घट्टही होतो. पण आत टोपी सुळक्यावर एका बारीक रेषेवर टेकलेली असते. सपाटीवर, शहरात चालवताना कदाचित एक थेंबही गळणार नाही. कचकन ब्रेक दाबला की पाइपातला दाब १०० बारच्या आसपास जातो, म्हणजे साधारण १४५० पीएसआय. टायरात आपण ३०-३२ पीएसआय हवा भरतो, त्यावरून अंदाज करा. एवढ्या दाबाला रेषेवरचं सील पुरत नाही. जुन्या जीपगाड्यांत आणखी एक धोका आहे. त्यांत इंची आटे सापडतात, आणि तीन अष्टमांश इंचाचा नट दहाच्या भोकात सैलसर शिरतो. नट हातात खुळखुळतोय असं वाटलं तर तिथंच थांबा.

या दोघांबरोबर गल्लत होते असा तिसरा प्रकार म्हणजे एसी आणि फ्रिजवाल्यांचा सिंगल फ्लेअर. कोनही ४५ अंशांचाच, म्हणून माणसाला वाटतं चालेल. चालत नाही. पत्र्याचा एकच थर पसरवलेला असतो, ताणून पातळ झालेला, आणि दाब पुन्हा पुन्हा आला की कडेनं चिरतो. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी ज्या गाड्यांत शिरलं, त्यांचे ब्रेक पाइप पुढची दोन-तीन वर्षं एकेक करून माझ्याकडं येत होते. पाइप आणि क्लिपच्या मधे गाळ अडकून राहतो, ओल धरतो आणि लोखंड बाहेरून खातो. अशाच एका गाडीचा मागचा पाइप कुणीतरी एसीच्या तांब्याच्या नळीनं बदलून दिला होता, सिंगल फ्लेअर मारून. गाडी करूळ घाट उतरताना पेडल खाली गेलं. ब्रेकची दोन सर्किटं वेगळी असतात म्हणून उरलेल्या सर्किटानं, गिअरनं आणि हँडब्रेकनं गाडी थांबली. घरातली चार माणसं आत होती. तो पाइप मी उतरवला तेव्हा फ्लेअरवर केसाएवढी चीर होती, नखाला लागत होती. त्या दिवसापासून ब्रेकला सिंगल फ्लेअर आणि निव्वळ तांबं या दोन गोष्टी माझ्या दारात येऊ देत नाही. तांबं वळवायला सोपं, पण थरथरीनं कडक होत जातं आणि तुटतं. कोटिंग केलेला लोखंडी ब्रेक पाइप वापरा, नाहीतर तांबं-निकेलचा मिश्रधातूचा. दुसरा गंजत नाही आणि फ्लेअरही सुबक येतो. स्टेनलेस दिसायला देखणा, पण इतका कडक की साध्या टूलनं त्याचा फ्लेअर नीट येत नाही.

आता टूल. बाजारात सगळ्यात जास्त दिसतं ते दोन पट्ट्यांचं आणि वर स्क्रूचं शिकंजं असलेलं. पट्टीत वेगवेगळ्या मापांची भोकं असतात, बरोबर बटणासारख्या डाय येतात, म्हणजे पाइपच्या तोंडात दाबून त्याला आकार द्यायचे ठोकळे. महिन्यात एखादा पाइप करायचा असेल तर ते पुरतं, पण घेताना पट्ट्या मिटवून उजेडात धरा. फट दिसली, किंवा भोकाच्या दोन्ही अर्धगोलांची कड जुळत नसली, तर पाइप सरकणार आणि तोंड एका बाजूला जास्त येणार. ते टूल घेऊ नका. रोजचं काम असेल तर व्हाइसमध्ये धरायचं लिव्हरचं किंवा हायड्रॉलिक टूल घ्या. त्यात डाय सरळ रेषेत उतरते, दहा पाइप केले तरी दहावा पहिल्यासारखाच येतो. गाडीखाली झोपून जागेवरच फ्लेअर मारायचं बारकं टूलही मिळतं, आणि अर्धाच पाइप बदलायचा असेल तेव्हा ते कामाला येतं.

डबल फ्लेअर मारताना पाइप कटरनं कापा, हॅक्सॉनं नाही. कटर गोल फिरवत थोडा थोडा आवळा, एकदम आवळला तर तोंड आत दबतं. आतली बुरी, म्हणजे कापताना उरलेली धारदार कड, काढा, बाहेरची कड कानशीनं हलकी मारा आणि आतला कीस फुंकून काढा, कारण तो कीस पुढं सिलिंडरच्या रबराला चरे पाडतो. मग नट पाइपात ओवा, त्याचं तोंड फ्लेअरकडं. हे विसरलं की सगळं काम कापून परत. पट्टीत पाइप धरताना तिरक्या कडेची बाजू वर ठेवा आणि पाइप डायच्या खांद्याएवढाच, म्हणजे तिच्या रुंद कडेच्या जाडीएवढाच, वर काढा, ना कमी ना जास्त. डायला ब्रेक ऑइलचा थेंब लावून खांदा पट्टीला टेकेपर्यंत दाबा, सोडा. तोंड फुगलेलं दिसेल. डाय काढा, टूलच्या स्क्रूच्या टोकाला असलेल्या सुळक्यानं परत दाबा, फुगलेली कड आत दुमडते.

नेमकं इथंच पुष्कळजण फसतात. पहिल्या दाबानंतरचं फुगलेलं तोंड बबलसारखं दिसतं, म्हणून तिथंच थांबून ते बबलच्या भोकात घालतात. पट्टीच्या तिरक्या कडेमुळं त्याची पाठ उतरती झालेली असते, आणि बबलच्या नटाला टेकायला सपाट पाठ लागते. बबल करायचा तर पट्टी उलटी करून बिनतिरक्या बाजूवर, बबलच्याच डायनं करा. एका दाबात होतो, दुसरा दाब देऊच नका.

फ्लेअर झाला की भिंग घेऊन बघा. कड सगळीकडं सारखी हवी, भोक मधोमध हवं, चीर नको. शंका आली तर कापा आणि नवीन मारा. दोन सेंटिमीटर पाइपची किंमत काय असते? गळती थांबत नाही म्हणून नट आणखी आवळत बसलात, की सिलिंडरमधला सुळकाच बाद होतो आणि मग पाइपाऐवजी सिलिंडर बदलावा लागतो.

पेट्रोलच्या लाइनचं थोडं वेगळं आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत दाब अगदीच कमी, तिथं पाइपच्या टोकाला नुसती फुगीर कड काढून रबरी होज चढवतात आणि क्लिप मारतात. तेवढ्यापुरता डबलचा पहिला दाब चालतो. इंजेक्शनच्या गाडीत साधारण तीन-चार बार दाब असतो. तिथं क्लिप आणि होज इंजेक्शनच्याच प्रतीचे घ्या. कॉमन रेल डिझेलच्या, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या इंजिनच्या, हाय प्रेशर पाइपला मात्र हात लावू नका. तिथला दाब हजार बारच्या वर असतो, तो पाइप कारखान्यातून तयार येतो तोच बसवायचा.

ब्रेकचं काम झालं, पाइपातली हवा काढली, की मी इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण जोरानं मिनिटभर दाबून धरायला सांगतो. तेवढ्यात खाली झोपून प्रत्येक नटाभोवती कोरडा टिश्यू फिरवतो. टिश्यू कोरडा आला तरी गाडी दोन दिवसांनी परत आणायला सांगतो आणि तेच नट त्याच टॉर्चनं पुन्हा बघतो.