‘वाचक’ म्हणजे नक्की कोण? सायफाय ऑडिओबुकच्या भांडणाची पार्श्वभूमी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या चहाच्या कंपूत सध्या एकाच गोष्टीवरून डोकी तापलीयत, ती म्हणजे ऑडिओबुक वाचणाऱ्या माणसाने नुसतं वाचावं की अभिनयही करावा. चरित्र, सामाजिक कादंबरी वगैरेत हे एवढं चिघळत नाही, पण सायफाय (म्हणजे विज्ञानकथा) किंवा फँटसी निघाली की दोन तट पडलेच समजा. ऑडिओबुक म्हणजे काय, अ‍ॅपवर कसं ऐकायचं हे आता सगळ्यांना माहितीये, ते सोडतो. भांडण आलं कुठून तेवढं लिहितो. मी कुठल्या तटात आहे ते लपवणार नाही, तसंही लपत नाही.

पहिला घोळ शब्दाचाच. त्या माणसाला मराठीत म्हणायचं काय? इंग्रजीवाले नॅरेटर म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे कुणी ‘आवाज’ म्हणतं, कुणी ‘निवेदक’, कुणी ‘अभिवाचक’, कुणी ‘वाचक’. आता वाचक म्हणावं तर इतकी वर्षं आपणच वाचक होतो, आपण मग कोण उरलो? निवेदक म्हटलं की गणपतीच्या स्टेजवर माईक धरून ‘मी विनंती करतो’ म्हणणारा माणूस डोळ्यासमोर येतो. कथाकथन वेगळं, तिथे पुस्तक हातात नसतं आणि हशा पिकवावा लागतो. श्रुतिका म्हणजे रेडिओवरचं नाटक वेगळं, तिथे पात्रागणिक माणूस आणि वर दाराची करकर, घोड्यांच्या टापा. अभिवाचन या दोन्हीच्या मधे कुठेतरी, हातात कागद पण आवाजात नाटक. आणि मला वाटतं खरी मेख इथेच आहे, कारण ज्याच्या डोक्यात ज्या शब्दाची सवय बसलीय तो ऑडिओबुककडून तेच मागतो. आमच्यातले रेडिओवर वाढलेले श्रुतिका मागतात, नाटकवाले अभिवाचन मागतात, आणि माझ्यासारख्याला कुणीतरी शेजारी बसून सरळ पुस्तक वाचून दाखवावं एवढंच हवं असतं.

बडोदेकरांना तर याचा दाखला घरातच आहे. १८८९ साली गोविंद सखाराम सरदेसाई नावाचा तरुण सयाजीराव महाराजांकडे ‘रीडर’ म्हणून नोकरीला लागला, महाराजांना पुस्तकं वाचून दाखवायची, त्याचा पगार घ्यायचा. पुढे तोच मराठ्यांच्या इतिहासाचा एवढा मोठा लेखक झाला. त्याने दरबारात पात्रांचे आवाज काढले असतील असं मला तरी वाटत नाही. नंतर १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोलावला, पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरली, ते आपण शाळेत घोकलंय. रेडिओचंही तेच, १९४७ साली संस्थानांची स्वतःची पाच रेडिओ केंद्रं होती त्यातलं एक बडोद्याचं. थोडक्यात ऐकायची सवय इथे जुनी.

बाहेर बघितलं तर पूर्ण पुस्तक रेकॉर्ड करायची खरी सुरुवात अंधांसाठी झाली, अमेरिकेत १९३४ च्या सुमाराला आणि इंग्लंडात १९३५ मध्ये. गाण्याच्या तबकडीवर एका बाजूला तीन-चार मिनिटं मावायची, म्हणून या पुस्तकांच्या तबकड्या हळू फिरणाऱ्या केल्या आणि एका बाजूला अमेरिकेत साधारण १५ मिनिटं तर इंग्लंडात २५ च्या आसपास मावायला लागली. आमच्या कंपूतलं भांडण तेव्हाच सुरू झालं होतं बरं का. रेडिओ आणि रंगभूमीवरची माणसं वाचायला आणली, त्यांनी जरा जास्तच रंग भरला की ऐकणाऱ्यांमधले बरेच जण तक्रार करायचे, पुस्तक जसं आहे तसं द्या, अर्थ आम्ही लावू. माझ्या मते तिथेच हा प्रश्न सुटला होता, पण माझ्या मताला आमच्याकडे कोण विचारतं.

रेडिओने मात्र उलटं वळण लावलं. ३० ऑक्टोबर १९३८ ला अमेरिकेत ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ ही मंगळवाल्यांच्या हल्ल्याची कादंबरी बातमीपत्रासारखी रेडिओवर केली आणि काही लोक खरंच घाबरले, तेव्हापासून अवकाश म्हटलं की इफेक्ट हवेतच असं ठरून गेलं. १९७८ मध्ये लंडनच्या बीबीसी रेडिओवर ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ ही अंतराळातली विनोदी मालिका आली, तिचं पुस्तक मागाहून १९७९ मध्ये. ती मुळातच कानासाठी लिहिलेली, तिथे कलाकार, आवाज, पिपाण्या सगळं शोभतं. पण तिचं माप घेऊन जाड कादंबऱ्यांना कपडे शिवायला निघालात तर कसं चालेल?

मधे कॅसेटचा काळ. दोन कॅसेट, तीन तास, त्यात बसेल तेवढं पुस्तक. फँटसीचं पुस्तक पूर्ण वाचायला तीस-चाळीस तास लागतात, म्हणजे काय उरत असेल ते समजून घ्या. लढाई राहायची, राजवाडा जायचा. नंतर डिजिटल आलं आणि लांबीची अडचणच संपली, मग कंपन्यांना प्रश्न पडला की एवढे तास माणसाला धरून ठेवायचं कसं, आणि उत्तर काढलं ‘फुल कास्ट’, म्हणजे पात्रागणिक वेगळा नट.

याचा नमुना म्हणजे ‘ड्यून’ या वाळवंटी ग्रहावरच्या प्रसिद्ध कादंबरीची २००७ ची ऑडिओ आवृत्ती. काही प्रकरणं एकच माणूस वाचतो आणि सगळ्यांचे संवाद तोच म्हणतो, काही प्रकरणांत प्रत्येक पात्राला वेगळा नट, आणि हे अदलून बदलून चालतं. म्हणजे खलनायक आत्ता जाड, घोगऱ्या आवाजात बोलत होता, पुढच्या प्रकरणात तोच भलत्याच आवाजात, आणि आपण पोळी हातात धरून विचार करतोय की हा नवीन कोण आला? मी तीनदा मागे जाऊन ऐकलं. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे, ती कानाला कुठून दिसणार, त्यात आवाज हीच एक खूण हातात होती तीही काढून घेतली. आमच्या कंपूतले दोघे म्हणतात ही आवृत्ती ग्रेट आहे, संगीत ऐक, वातावरण बघ. वातावरण आहेच हो, पण माणूस ओळखू येत नाही त्याचं काय?

फँटसीला अभिनय थोडा जास्त चालतो हे मी मान्य करतो. बोलणारा ड्रॅगन सपाट आवाजात कसा बोलेल? हॅरी पॉटर या जादूगार पोराच्या मालिकेला इंग्लंडात एक आणि अमेरिकेत दुसरा असे दोन वेगळे एकटे वाचक होते, दोघांनी शेकडो पात्रं पेलली आणि लोकांनी आपापला वाचक डोक्यावर घेतला. आता २०२५ मध्ये त्याच पुस्तकांची २०० च्या वर कलाकारांची आवृत्ती निघालीय. बघू.

मराठी सायफायचं गणित वेगळं आहे. १९७४ साली जयंत नारळीकर या जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञाने स्वतःची आद्याक्षरं उलटी करून टोपणनावाने विज्ञानकथा स्पर्धेत कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, तिथून या प्रकाराला घरात जागा मिळाली. त्या वळणाची कथा समजावून सांगते, चांगला मास्तर फळ्याशी उभा राहून सांगतो तशी. ‘कृष्णविवर’ हा शब्द कुणी थरथरत्या आवाजात उच्चारला की भुताची गोष्ट होते. आपल्याकडे कानावर भयकथांचा पगडा मोठा, त्यामुळे तोच सूर सरसकट लावतात.

२०१७ च्या शेवटी स्टोरीटेल ही स्वीडनची ऑडिओबुक कंपनी मराठी घेऊन भारतात उतरली, पाठोपाठ २०१८ मध्ये ऑडिबल ही अमेरिकन आली, मग लॉकडाऊनमध्ये घरोघरी इअरफोन. खास ऑडिओसाठी लिहिलेल्या दहा-दहा भागांच्या मालिका तेव्हापासूनच्या, आणि घोळ आणखी वाढला, कारण ती पुस्तकं म्हणायची की श्रुतिका?

आमच्या घरी ऐकणारी मुख्य म्हणजे आई. डोळ्यांनी वाचणं बंद झाल्यापासून फोन स्टीलच्या रिकाम्या पातेल्यात उभा ठेवते, आवाज मोठा होतो म्हणून, आणि भाजी निवडत ऐकते. तिला मी मराठीत आलेली एक फँटसी मालिका लावून दिली. पहिले दोन भाग एका बाईंनी वाचले होते, शांत, पण राणी आणि दासी बरोबर कळायच्या. तिसऱ्या भागाला अ‍ॅपने न सांगता माणूसच बदलला, हा नवीन गृहस्थ प्रत्येक वाक्याला हुंदका देणारा, शिवाय अर्ध्या नावांचे उच्चार वेगळे. गावाचं नाव बदललं की काय म्हणून आई गोंधळली. मी तक्रार टाकली, आभारी आहोत असं उत्तर आलं. आता तर यंत्राचा आवाज पुस्तकं वाचायला लागलाय, तो निदान हुंदका देत नाही असं मी म्हटलं तर कंपूतल्या नाटकवाल्या काकांनी माझ्या चहाचे पैसे द्यायचं बंद केलं.

आईने मेथी बाजूला सारली, पातेल्यात वाकून बघितलं आणि विचारलं, “अरे, आपली वाचणारी कुठे गेली?”