एअरब्रश जन्मला फोटोच्या गालांसाठी

गणपतीच्या हंगामात सांगलीतल्या एखाद्या कारखान्यात डोकावून बघा. अंगाचा रंग मारून झालेल्या मूर्ती फळीवर ओळीने उभ्या असतात. कारागीर पेनाएवढी बारकी गन, म्हणजे एअरब्रश, गालाजवळ नेतो आणि बोटाने ट्रिगर जरासा मागे ओढतो. गुलाबी झाक उमटते, पण तिची कड कुठे संपली ते शोधून सापडत नाही. हे बघून नवशिका भुलतो आणि दुकानात जाऊन गोंधळतो. सिंगल अ‍ॅक्शन घ्यायची की डबल? कप वर असलेली की बाटली खाली असलेली? टोकाचं नोझल, ज्यातून रंग सुटतो, ते कितीचं? या प्रश्नांमागे दीडशे वर्षांची खटपट आहे.

तिची सुरुवातही गालांपासूनच झाली, फक्त ते गाल फोटोतले होते. काळ्या-पांढऱ्या फोटोला हाताने रंग देताना कुंचल्याचे फटकारे दिसत. १८७६ मध्ये अमेरिकेतल्या फ्रान्सिस स्टॅन्ली यांनी रंग फवारणाऱ्या उपकरणाचं पेटंट घेतलं. (पुढे जुळ्या भावाबरोबर त्यांनी वाफेवर चालणाऱ्या मोटारी काढल्या. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या मोटारीच.) १८७९ मध्ये अ‍ॅबनर पीलर यांनी जुने स्क्रूड्रायव्हर वगैरे हाताला लागेल ते जोडून एक यंत्र बनवलं. त्याला वारा हातपंपाचा. लिबर्टी वॉकअप यांनी ते सुधारून बाजारात आणलं, आणि इलिनॉयमधल्या रॉकफर्ड गावी ते चालवायला शिकवणारी शाळाही काढली. आज गनसोबत फार तर एक चिटोरं मिळतं.

खरी कलाटणी १८९३ ची. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात थेअर अँड चँडलर कंपनीने चार्ल्स बर्डिक यांचा एअरब्रश मांडला. त्यात रंग आणि वारा गनच्या आतच, टोकापाशी एकत्र येत होते. आजच्या गनची जात हीच. ज्या स्वस्त गनमध्ये रंग नोझलच्या बाहेर वाऱ्यात ओढला जातो, तिचे थेंब जाड पडतात. पार्श्वभूमी किंवा अस्तर मारायला ती ठीक, गालाला नाही.

आतच रंग-वारा मिसळणाऱ्या गनचा सगळा जीव एका सुईत असतो. सुई नोझलच्या भोकात रुतून बसलेली असते. ती जेवढी मागे सरकेल तेवढा रंग सुटतो. डबल अ‍ॅक्शनमध्ये ट्रिगर खाली दाबला की वारा आणि मागे ओढला की रंग, दोन्ही एकाच बोटावर. सिंगलमध्ये रंगाचं प्रमाण आधी स्क्रूने बांधून घ्यायचं आणि नुसतं दाबायचं. सिंगल लवकर जमते म्हणून बरेच जण तीच घेतात. माझ्या मते पहिलीच गन डबल अ‍ॅक्शनची, वर कप असलेली, ०.३ मिलिमीटर नोझलची घ्यावी. वरच्या कपातला रंग आपल्या वजनानेच उतरतो, त्यामुळे कमी दाबावर काम भागतं. पंधरा-वीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. रंग दुधाइतका पातळ हवा. आणि ते सुईचं टोक जपा. एकदा वाकलं की रंग एका बाजूला फेकला जातो, आणि आपण उगाच रंगाला दोष देत बसतो.

वाऱ्याकडे मात्र नवशिके बघतच नाहीत. आपला सांगली जिल्हा तसा पंपांचा. पंप बनवणारी किर्लोस्करवाडी १९१० साली वसली ती याच भागात. तरी पैसे जातात चकचकीत गनवर आणि वारा देणारा कॉम्प्रेसर येतो बिनटाकीचा. असा कॉम्प्रेसर वारा धक्क्याधक्क्याने देतो आणि रेघ थरथरते. तीन लिटरची का होईना, टाकी हवी. पाणी अडवणारा फिल्टर त्याहून हवा, कारण रंगकामाचा हंगाम नेमका पावसाचा. दमट हवा दाबली की टाकीत पाणी साठतं.

मी पहिल्यांदा ओळखीच्या कारखान्यात हात मारला तेव्हा गाल छान उतरत होता, आणि मधेच गनने पाण्याचा थेंब थुंकला. गुलाबी ओघळ थेट सोंडेवर. शेजारच्या कारागिराने फडकं पुढे केलं आणि मान वर न करता म्हणाला, ‘‘आधी टाकीतलं पाणी सोड की बाबा, मग रंग दे.’’