पीअर-टू-पीअर कर्जगुंतवणूक

बँकेला मध्ये न घेता, ऑनलाइन मंचामार्फत अनोळखी ऋणकोंना कर्ज देऊन व्याज मिळवण्याची पद्धत. ‘पी-टू-पी’ या नावाने ती अधिक ओळखली जाते. मंच ऋणकोची पत तपासतो, हप्ते गोळा करून वाटतो आणि त्याबद्दल शुल्क घेतो. कर्ज बुडाले तर तोटा मात्र धनकोचाच असतो. बँकठेवींना मिळणारे विम्याचे संरक्षण या पैशाला नसते.

पद्धतीचा उगम नेमका कोठे धरावा, याविषयी मतभेद आहेत. १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात लेखक जोनाथन स्विफ्ट डब्लिनमधील गरजू कारागिरांना लहान रकमांची बिनव्याजी कर्जे देत असे आणि ती हप्त्यांनी परत घेत असे; काही लेखक तेथपर्यंत मागे जातात. परंतु तेथे देणारा एकच होता आणि व्याजाची अपेक्षाही नव्हती. २००१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सर्कललेंडिंग’चाही दावा मांडला जातो, मात्र ही कंपनी मुख्यतः नातलग व परिचितांमधील कर्जांचे करारपत्र आणि हप्ते सांभाळत असे. अनोळखी माणसांची गाठ घालून देणे आणि एका धनकोचा पैसा अनेक ऋणकोंत विभागणे, ही दोन्ही लक्षणे आवश्यक मानली तर मार्च २००५ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘झोपा’कडे पहिलेपण जाते. हेच मत अधिक ग्राह्य वाटते. फेब्रुवारी २००६ मध्ये अमेरिकेत ‘प्रॉस्पर’ सुरू झाला. तेथे व्याजदर धनकोंच्या लिलावातून ठरत; २०१० च्या अखेरीस लिलाव बंद होऊन दर मंचच ठरवू लागला.

‘थेट कर्ज’ हे वर्णन सर्वत्र काटेकोरपणे लागू पडत नाही. अमेरिकी रचनेत कर्ज एखादी बँक देते, मंच ते विकत घेतो आणि गुंतवणूकदाराला त्या कर्जाच्या वसुलीवर अवलंबून असलेले रोखे देतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गुंतवणूकदाराचे येणे मंचाकडे असते. मंच दिवाळखोरीत गेला तर हा फरक निर्णायक ठरू शकतो. हे रोखे प्रतिभूतीच (सिक्युरिटीज) होत, अशी भूमिका तेथील प्रतिभूती आयोगाने २००८ मध्ये घेतली.

जाहीर व्याजदर म्हणजे हाती येणारा परतावा नव्हे. समजा, सारख्या रकमेची १०० कर्जे १२ टक्क्यांनी एक वर्षासाठी दिली, मुद्दल व व्याज वर्षअखेरीस मिळायचे आहे आणि चार कर्जे पूर्ण बुडाली. उरलेल्या ९६ कर्जांचे १०७.५२ येतात, म्हणजे परतावा ७.५२ टक्के. मुद्दलाच्या एक टक्का शुल्क वजा केल्यास ६.५२ टक्के उरतात. कराचा आणि कर्जाऊ न गेलेल्या, खात्यात पडून राहिलेल्या पैशाचा हिशेब यात धरलेलाच नाही.

मंचाने छापलेला थकबाकीचा दरही जपून वाचावा लागतो. कालच दिलेले कर्ज आज थकीत असू शकत नाही. मंच वेगाने वाढत असेल तर नव्या कर्जांनी छेद फुगतो आणि दर आपोआप कमी दिसतो. वाढ थांबली की तोच दर चढतो. म्हणून एकाच तिमाहीत दिलेल्या कर्जांचा गट वेगळा काढून त्याची वसुली अखेरपर्यंत पाहणे, हीच विश्वासार्ह रीत होय. एवढा तपशील देत नसलेल्या मंचावर पैसे लावणे धोक्याचे आहे. रक्कम शेकडो कर्जांत विभागल्याने एखाद्या ऋणकोचा धोका विरतो. मंदीत अनेकांचे रोजगार एकदम गेले तर विभागणीचा उपयोग मर्यादित राहतो.

चीनमध्ये मंचांची संख्या हजारांत गेली होती. २०१५ च्या अखेरीस ‘इझूबाओ’चा घोटाळा उघड झाला; त्यात सुमारे नऊ लाख गुंतवणूकदार अडकले. पुढील निर्बंधांनंतर नोव्हेंबर २०२० पर्यंत तेथे एकही मंच चालू उरला नाही. ब्रिटनने डिसेंबर २०१९ पासून नवख्या गुंतवणूकदाराला गुंतवणूकयोग्य मालमत्तेच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली. भारतात रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये अशा मंचांना नोंदणी सक्तीची केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, मुदतीपूर्वी हवे तेव्हा पैसे काढण्याची सोय देण्यास मनाई केली. ‘झोपा’ने २०२१ च्या अखेरीस हा व्यवसाय बंद केला, ती आता बँक आहे.