तारा मंदावला: समोरून ग्रह गेला की शेजारचे जोडतारे झाकले गेले?

जून ते सप्टेंबर पुण्यात दुर्बिणीला फारसं काम नसतं. पण केप्लर आणि टेस या अवकाश दुर्बिणींच्या नोंदींना पावसाळा लागत नाही. त्या फुकट उतरवून घेता येतात, पायथॉनमधलं लाइटकर्व पॅकेजही फुकट आहे आणि साधा लॅपटॉप पुरतो. ताऱ्याच्या प्रकाशात ठरावीक दिवसांनी पडणारा खड्डा एका संध्याकाळीत सापडू शकतो. तो खड्डा ग्रहाच्या अधिक्रमणाचा (ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याचा) की एकमेकांभोवती फिरत एकमेकांना झाकणाऱ्या जोडताऱ्यांचा, हे ठरवण्यातच खरी मेहनत आहे. ताऱ्याभोवती एकाहून जास्त ग्रह असले तर नेहमीच्या कसोट्याही कधीकधी फसवतात.

खड्ड्याची खोली म्हणजे ग्रहाच्या आणि ताऱ्याच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग. दूरच्या निरीक्षकाला पृथ्वीमुळे सूर्याचा प्रकाश फक्त ०.००८४ टक्के कमी झालेला दिसेल, गुरूमुळे सुमारे १ टक्का. ट्रॅपिस्ट-१ हा तारा सूर्याच्या जेमतेम १२ टक्के त्रिज्येचा, म्हणून तिथे पृथ्वीएवढा ग्रहही सुमारे ०.६ टक्क्याचा खड्डा पाडतो. जोडताऱ्यांचं ग्रहण केवढं असतं ते पाहायचं तर हिवाळ्यात ययाती तारकासमूहातला अल्गोल पाहावा. दर २ दिवस २१ तासांनी तो २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत उतरतो (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद), म्हणजे जवळपास ७० टक्के प्रकाश जातो.

एवढा फरक असताना गोंधळ होतो, कारण ते जोडतारे बहुतेक वेळा आपण पाहतोय त्या ताऱ्याच्या शेजारी किंवा मागे असतात. टेसचा एक पिक्सेल आकाशातले २१ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) व्यापतो आणि प्रकाश मोजताना असे अनेक पिक्सेल एकत्र घेतले जातात. त्यात शेजाऱ्याचा उजेड मिसळतोच. समजा शेजारी ५ प्रतींनी मंद आहे, म्हणजे त्याचा प्रकाश आपल्या ताऱ्याच्या शंभरावा भाग. ग्रहणात तो निम्मा झाला तर एकत्रित प्रकाशात अर्ध्या टक्क्याचा खड्डा पडतो. तारा सूर्यासारखा असेल, तर गणित सांगतं की हा शनीहून जरा लहान ग्रह आहे. प्रत्यक्षात तिथे ग्रहच नाही.

म्हणून खड्डा दिसल्यावर आधी शेजारी मोजावेत. गाया या अवकाश दुर्बिणीने बनवलेल्या ताऱ्यांच्या यादीतून दोन आर्कमिनिटांच्या (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) आतले सगळे तारे काढा. खड्डा ०.१ टक्का खोल असेल तर आपल्या ताऱ्याहून ७.५ प्रतींपर्यंत मंद असलेला प्रत्येक शेजारी संशयित. मग खड्ड्याबाहेरच्या चित्रांच्या सरासरीतून खड्ड्यातल्या चित्रांची सरासरी वजा करा. उरलेला ठिपका आपल्या ताऱ्यावर पडला तर ठीक, एक पिक्सेल सरकला तर शेजाऱ्याकडे वळायचं.

इथे पुण्यातली आठ इंची दुर्बीणही उपयोगी पडते. मूळ ताऱ्यातली ०.१ टक्क्याची घट शहराच्या उजेडातून मोजणं जवळपास अशक्य. पण शेजारी निम्मा झाला तर तो ०.७५ प्रतीने मंदावतो आणि तो फार मंद नसेल तर एवढा फरक साध्या कॅमेऱ्यातही पकडता येतो. जमिनीवरून दोन-तीन आर्कसेकंद अंतरावरचे तारे वेगळे दिसतात. टेसला ते जमत नाही. फक्त वेळ नीट काढा: आवर्तकाळात, म्हणजे एका फेरीला लागणाऱ्या वेळात, १ मिनिटाची चूक असेल तर शंभर फेऱ्यांनंतर ग्रहण १०० मिनिटं इकडेतिकडे सरकलेलं असतं.

दुसरी कसोटी सम-विषम खड्ड्यांची. जोडताऱ्यांत एका फेरीत दोन ग्रहणं होतात: मोठं आणि धाकटं. दोन्ही जवळपास सारखी असली की संगणक त्यांना एकच समजतो आणि आवर्तकाळ निम्मा सांगतो. समजा २.१ दिवसांनी ०.५५ टक्क्याचे खड्डे दिसताहेत. पहिला, तिसरा, पाचवा एकीकडे आणि दुसरा, चौथा, सहावा दुसरीकडे ठेवले, तर एका गटात ०.६२ आणि दुसऱ्यात ०.४८ निघाले. मग ते ४.२ दिवसांचे जोडतारे असण्याचीच दाट शक्यता. ही वाटणी करायला दहा मिनिटं लागतात, तरी घाईत हीच पायरी गाळली जाते. आकारही पाहावा: ग्रहाचा खड्डा तळाशी सपाट, ताऱ्यांचा बहुधा टोकदार. पण ताऱ्याची कड घासून जाणारा ग्रहही टोकदार खड्डा पाडतो, म्हणून नुसत्या आकारावर निकाल देऊ नये.

आता एकाहून जास्त ग्रह. इथे खड्ड्यांची संख्याच पुरावा होते. एका ताऱ्यामागे योगायोगाने एक जोडतारा येऊ शकतो, पण दोन-तीन वेगळे आवर्तकाळ योगायोगाने एकाच ठिकाणी जमणं फारच दुर्मीळ. याच युक्तिवादावर २०१४ मध्ये केप्लरच्या नोंदींतून ३०५ ताऱ्यांभोवतीच्या ७१५ ग्रहांवर शिक्कामोर्तब झालं. टेससाठी हा युक्तिवाद जरा जपून वापरावा, कारण त्याचा पिक्सेल क्षेत्रफळाने केप्लरच्या २५ पटींहून मोठा आहे.

आणखी एक सुंदर पडताळा आहे. सगळे ग्रह खरंच एकाच ताऱ्याभोवती फिरत असतील तर अधिक्रमणाचा कालावधी साधारणपणे आवर्तकाळाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. ट्रॅपिस्ट-१ चा पहिला ग्रह १.५१ दिवसांत फेरी मारतो आणि त्याचं अधिक्रमण ३६ मिनिटं चालतं. सहाव्याचा आवर्तकाळ १२.३५ दिवस, म्हणजे सुमारे ८.२ पट. घनमूळ २, म्हणून अपेक्षा ७३ मिनिटांची. प्रत्यक्षात सुमारे ६८. ग्रह ताऱ्याच्या मधोमध न जाता थोडा वरून-खालून गेला की एवढी तूट येतेच. उलट एखाद्या खड्ड्याचा कालावधी हिशोबाच्या तिप्पट निघाला तर तो बहुधा दुसऱ्याच ताऱ्याचा असतो.

मात्र याच बहुग्रही मंडळांत चांगला ग्रह जोडतारा म्हणून बाद होण्याचा धोका असतो. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे अधिक्रमण ठरलेल्या वेळेच्या मागेपुढे होतं. सगळ्या खड्ड्यांची एकाच आवर्तकाळाने घडी घातली, म्हणजे नोंदी तेवढ्या-तेवढ्या काळाच्या तुकड्यांत कापून एकावर एक ठेवल्या, की कडा फिस्कटतात, तळ वर येतो आणि खड्डा टोकदार दिसू लागतो. अशा वेळी घडी न घालता प्रत्येक खड्ड्याचा मध्य वेगळा मोजावा, मग तेवढा सरकवून सगळे एकावर एक ठेवावेत. ग्रह असेल तर सपाट तळ परत दिसतो.

एक ग्रह सापडल्यावर त्याचे खड्डे झाकून (तेवढ्या नोंदी वगळून) पुन्हा शोध घ्यायचा. झाकण खड्ड्याच्या दीडपट तरी रुंद हवं, नाहीतर उरलेल्या कडाच त्याच आवर्तकाळाचा नवा ग्रह असल्यासारख्या दिसतात. प्रकाशवक्र (वेळेनुसार ताऱ्याच्या प्रकाशाचा आलेख) सपाट करताना खिडकी, म्हणजे एका वेळी सरासरीसाठी घेतलेला काळ, अधिक्रमणाच्या कालावधीच्या किमान तिप्पट ठेवा. लहान ठेवली तर ती खड्डाच गिळते. टेसचं एक सत्र सुमारे २७ दिवसांचं असतं. त्याच्या दोन्ही टोकांना आणि मधल्या खंडाजवळ पृथ्वी-चंद्राचा विखुरलेला उजेड येतो, तिथल्या खड्ड्यांवर भरवसा नको. थोड्या खड्ड्यांवरून आवर्तकाळ कसा चुकतो, याचं उदाहरण टीओआय-१७८ हा तारा. टेसच्या सुरुवातीच्या नोंदींवरून तिथे तीन ग्रह आणि त्यातले दोन एकाच कक्षेत असावेत असं वाटलं होतं. पुढे किऑप्स दुर्बिणीने पाहिलं तेव्हा सहा ग्रह निघाले.

एवढं करूनही गुरूच्या आकाराचा खड्डा अडचणीचाच राहतो, कारण तपकिरी खुजे तारे (ग्रहाहून जड, पण खरा तारा होण्याइतके जड नसलेले गोळे) आणि सर्वांत छोटे लाल तारेही साधारण तेवढेच असतात. तिथे वस्तुमान लागतं. ते वर्णपटावरून काढायची सोय भारतात माउंट अबूला पारस उपकरणात आहे. पण ग्रह एकमेकांना ओढत असतील तर वस्तुमान प्रकाशवक्रातच लपलेलं असतं. केप्लर-९ चे दोन ग्रह १९.२ आणि ३८.९ दिवसांचे, जवळपास एकास दोन. एकाला उशीर होतो तेव्हा दुसरा लवकर येतो. ही उलटसुलट लय २०१० मध्ये त्यांच्या ग्रहत्वाचा पुरावा ठरली. शेजारच्या झाकणाऱ्या जोडताऱ्यांकडून अशी लय येत नाही. ती दिसायला मात्र सलग वर्षं लागतात, तेव्हा याचा सराव करायचा तर टेसच्या एका सत्राऐवजी केप्लरच्या चार वर्षांच्या नोंदी उघडाव्यात.